सामोआ, क्री आणि वस्ती सी

तुलना करण्याबद्दल मला आयुष्यभर पगार मिळाला. हेच काम बाकीचे लोक लग्नाच्या पंगतीत बसून फुकट करतात, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगलं करतात. निदान त्यांनी दोन्हीकडची माणसं पाहिलेली असतात.

मी सिंगापूरला, तोआ पायोहमधल्या एका छोट्या संशोधन कंपनीत नोकरी केली. संशोधन म्हटलं की लोकांना सूक्ष्मदर्शक आठवतो. आमच्याकडे काही संगणक होते, एक कुरकुरणारं फोटोकॉपी मशीन होतं आणि एवढा गार एसी होता की मी बाराही महिने खुर्चीला स्वेटर अडकवून ठेवत असे. धंदा साधा होता. एखाद्या संस्थेला दोन गोष्टींमधून एक निवडायची असते, पण निवडल्याचा ठपका नको असतो. मग ती आम्हाला बोलावते. आम्ही दोन्ही बाजूंना सारखेच प्रश्न विचारतो, उत्तरांना गुण देतो आणि गुणांचा तक्ता करतो. चांगलं असेल ती चौकट हिरवी, बरं असेल ती पिवळी, वाईट असेल ती लाल. मग संस्था मोकळ्या मनानं सांगते की आम्ही नाही निवडलं, तक्त्यानं निवडलं.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. एका कंपनीला तोआ पायोह आणि सेम्बावांग यांपैकी कुठले म्हातारे जास्त एकटे आहेत हे हवं होतं, कारण त्यांना मालिश करणाऱ्या खुर्च्या विकायच्या होत्या. मी तीन दिवस तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, बसून राहिले. एकटा म्हातारा काही सापडला नाही. सगळे घोळक्यानं बसून कॉफी पीत होते आणि ही बाई रोज एकटी का येऊन बसते, अशी माझीच चौकशी करत होते. तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी मला कॉफी पाजली आणि नवऱ्याशी भांडण झालंय का ते विचारलं. खुर्च्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

पण ज्या कामाबद्दल लिहायला बसले आहे ते दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराचं. एका देणगीदार संस्थेला एक कोल्ड रूम द्यायची होती. म्हणजे आत चालत जाता येईल एवढा मोठा फ्रीजर, यंत्रासकट, एखाद्या गावाला सगळ्यांनी मिळून वापरायला. जगभरातून अर्ज आले आणि शेवटी दोन उरले. एक प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवरच्या एका कोळी गावाचा, दुसरा कॅनडाच्या उत्तरेला राहणाऱ्या क्री लोकांच्या एका वस्तीचा. क्री म्हणजे तिथले मूळ रहिवासी. कोल्ड रूम एकच होती. दोघांपैकी जास्त गरजू कोण हे ठरवायला दोन्हीकडची सामाजिक आणि आर्थिक परिस्थिती तोलून द्या, असं आम्हाला सांगण्यात आलं.

"एक समुद्रात, दुसरे बर्फात," मी केल्विनला म्हटलं. केल्विन माझा साहेब, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. "यांची तुलना करायची कशी?"

"कॅन, कॅन," केल्विन म्हणाला. "सेम क्वेश्चन्स, डिफरंट प्लेस. नो प्रॉब्लेम ला." कुठल्याही कामाला तो आधी कॅन, म्हणजे जमेल, असं म्हणायचा आणि मग माझ्याकडे बघायचा.

संस्थेच्या अधिकारी मॅडम चोंग. बारीक चणीच्या, कडक इस्त्रीच्या, हातात कायम टोक काढलेली पेन्सिल. त्यांची पहिली शंका मलाही आली होती. बर्फात राहणाऱ्यांना फ्रीजर कशाला? क्री वस्तीच्या वतीनं अर्ज करणारे गृहस्थ होते वॉल्टर. शिकारी माणूस, साठीच्या पुढचा. मी फोनवर त्यांना भीतभीत विचारलं. मग ते म्हणाले, "जुलैमध्ये इथे डास असतात, बर्फ नसतो. आणि हिवाळ्यात बाहेर ठेवलेलं मांस फक्त आमचं आहे, हे कोल्ह्यांना पटत नाही."

त्यांच्याकडे वसंतात रानहंस येतात, शरदात मूस. मूस म्हणजे घोड्याहून थोराड सांबर. एक मूस मारला की तो सगळ्या वस्तीचा. ज्यांना आता शिकारीला जाता येत नाही अशा म्हाताऱ्यांना पहिला वाटा. पण घरोघरचे फ्रीजर लहान आणि जुने, आणि दुकानातलं मांस विमानानं येतं, त्यामुळे त्याची किंमत विमानातल्या माणसासारखी. कोल्ड रूम मिळाली तर म्हाताऱ्यांना वर्षभर आपलं अन्न मिळणार होतं. सामोआच्या गावाच्या वतीनं सीना नावाच्या बाई होत्या. त्यांची गरज ऐकताक्षणी समजण्यासारखी. सकाळी पकडलेली मासळी संध्याकाळपर्यंत टिकत नाही, शहर लांब, म्हणून येईल त्या भावाला देऊन टाकावी लागते. दोघांचीही गरज खरी होती, आणि अशा वेळी माझा तक्ता म्हणजे देवाच्या कौलासारखा होऊन बसायचा.

मी प्रश्नावली तयार केली. परक्याला प्रश्न विचारण्याआधी ते स्वतःला विचारून बघायचे, हा माझा नियम होता. त्यानं प्रश्नांतले खाचखळगे कळतात. म्हणून एका रविवारी सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी आमच्या घराचाच फॉर्म भरला. सासूबाईंना विचारलं, नवऱ्याला विचारलं, उत्तरं संगणकात घातली. तक्त्यात सामोआ म्हणजे वस्ती ए, क्री म्हणजे वस्ती बी. आमच्या घराला मी नाव दिलं वस्ती सी. हा तिसरा रकाना नंतर पुसायचा असतो.

दोन्हीकडे स्थानिक मुलींना नेमून फॉर्म भरून घेतले. पहिला गठ्ठा सामोआचा. घराच्या भिंती कशाच्या, या प्रश्नाला मी चार पर्याय दिले होते: सिमेंट, लाकूड, पत्रा, इतर. कित्येक फॉर्मवर 'इतर' वर खूण होती आणि पुढे हातानं लिहिलं होतं, 'वारा'. तिथल्या पारंपरिक घराला भिंतीच नसतात. खांब, वर छप्पर, आणि पाऊस आला की सोडायच्या झडपा. संगणकाला यातलं काय कळणार. त्यानं भिंती नाहीत म्हणून शून्य गुण दिले आणि पाच चौकटी लालभडक करून टाकल्या.

क्रींचा गठ्ठा याहून थोर. फॉर्म भरणाऱ्या मुलीनं पहिल्या आठवड्यात एकाच ओळीचा निरोप पाठवला: 'दारं बंद. शाळा बंद. कुणी नाही.' केल्विननं तो वाचून अहवालात 'मोठ्या प्रमाणावर स्थलांतर' असं प्रकरण सुरूसुद्धा केलं होतं. मी वॉल्टरना फोन लावला तर तो लागेना. दहा दिवसांनी त्यांचाच आला. रानहंस आले होते, म्हणून म्हाताऱ्यांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळी वस्ती रानात मुक्कामाला गेली होती. शाळेला त्यासाठी रीतसर सुट्टी असते. "फॉर्मवाल्या पोरीला एकटीला मागे ठेवलं होतं," ते म्हणाले. "ती फार रागावली आहे तुमच्यावर."

हे स्थलांतर मी खोडलं. पण असं किती खोडणार? आठवडाभर रानात राबून घर भरणारा माणूस माझ्या तक्त्यात 'बेरोजगार' होता, कारण त्याला पगाराची पावती मिळत नव्हती. नातेवाइकांच्या मयताला, लग्नाला, मानाची पदवी मिळण्याच्या सोहळ्याला चटया, डुकरं आणि पैसे घेऊन जाणारं सामोआचं कुटुंब 'अनुत्पादक खर्च' या चौकटीत लाल झालं होतं. त्याला तिथे फालावेलावे म्हणतात. घरातल्या कुणाचंही कार्य निघालं की सगळ्यांनी आपापला वाटा उचलायचा. मला हे सगळं दिसत होतं. तरी मी तक्ता पुढे ढकलत गेले, कारण मुदत जवळ आली होती आणि तक्ता देखणा झाला होता. देखण्या तक्त्यानं मला आयुष्यात बऱ्याचदा फसवलं आहे.

शेवटची पायरी म्हणजे दोन्ही वस्त्यांच्या प्रतिनिधींना सिंगापूरला बोलावून तक्ता दाखवायचा, त्यांचं म्हणणं ऐकायचं, आणि मॅडम चोंगनी निकाल द्यायचा. सीना आणि वॉल्टर शनिवारी उतरले. बैठक सोमवारी होती. रविवारच्या जेवणासाठी केल्विननं हॉटेलची कुपनं दिली होती.

सीनाबाई उंचपुऱ्या, पांढऱ्या केसांत लाल फूल, आवाज देवळाच्या गाभाऱ्यातून आल्यासारखा. कुपन उलटसुलट करून त्यांनी विचारलं, "रविवारी आपण कुणाकडे जेवणार आहोत?"

कुठे नाही, कुणाकडे. आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे. ज्याचा तक्ता करायचा त्याला घरी जेवायला बोलवायचं नाही, कारण जेवू घातलेल्या माणसाला लाल रंग देताना हात कचरतो. मी तो नियम वीस वर्षं पाळला होता. पण समोरची बाई परगावी येऊन 'कुणाकडे' असं विचारते आणि मी मराठी घरातली बाई तिला कुपन दाखवते, हे मला जमेना. मी म्हटलं, "आमच्याकडे."

रविवारी सासूबाई सकाळपासून पदर खोचून तयार. अळूवडी, मसालेभात, कोशिंबीर, वरण, आणि फ्रीजरमधून काढलेल्या पुरणपोळ्या. आमचा फ्रीजर म्हणजे एक स्वतंत्र खातं होतं. दर सणाला सेम्बावांगपासून तोआ पायोहपर्यंतच्या आठ-दहा मराठी घरांसाठी सासूबाई पोळ्या, मोदकाचं सारण आणि खवलेलं खोबरं करून ठेवायच्या. आइस्क्रीमला त्यात कधीच जागा मिळाली नाही आणि माझ्या मुलीनं, ईरानं, त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही.

सीनाबाईंनी अळूवडी हातात घेतली, वास घेतला आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. तिथे उरलेली पानं बघून त्यांचा चेहरा असा फुलला की जणू माहेरचं माणूस भेटलं. तीच पानं त्यांच्याकडे नारळाच्या दुधात शिजवतात. त्या इंग्रजीत सांगत होत्या, सासूबाई मराठीत विचारत होत्या, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. मी भाषांतर करायला गेले तर दोघींनी मला बाजूला सारलं.

वॉल्टर शांत माणूस. ताटातलं सगळं खाल्लं, पुन्हा घेतलं, आणि बस येईल या भरवशावर थांब्यावर उभं राहावं तसे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले. शेवटी हळूच माझ्या नवऱ्याला विचारलं, "मांस नंतर येतं का?"

"आमच्याकडे नाही येत," श्रीकांत म्हणाला. तो जुरोंग आयलंडवरच्या एका रासायनिक कारखान्यात इंजिनियर. मोजकं बोलतो.

"कधीच?"

"कधीच."

वॉल्टरनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या प्रश्नावलीत या दुःखाला चौकट नव्हती.

"यांना मुलं किती, विचार ना गं," सासूबाईंनी मला सांगितलं. वॉल्टर बोटं मोजू लागले. स्वतःची चार, बहिणीची दोन, आणि आईबाप दारूत वाहून गेले म्हणून यांच्या घरी वाढलेली तीन. फॉर्मवर त्यांनी चार लिहिली होती, कारण मी 'स्वतःची' असं विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "नऊ म्हण की मग." 

नंतर वॉल्टरना पाणी हवं होतं. बर्फ घ्यायला त्यांनी फ्रीजर उघडला आणि तसेच उभे राहिले. एकावर एक डबे, प्रत्येकावर घराचं नाव लिहिलेली चिकटपट्टी. ते काय आहे, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "चांगला फ्रीजर आहे," एवढंच म्हणाले. निघताना त्यांनी श्रीकांतला मूसच्या कातड्याचे, आतून केसाळ हातमोजे दिले. बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या. श्रीकांतनं ते हातात घालून दाखवले आणि ईरा म्हणाली, "बाबा, सो हॉट लाइक दॅट, यू वेअर व्हेअर?" सीनाबाईंनी सासूबाईंना स्वतः विणलेली चटई दिली. जाताना दोघांच्या हातात सासूबाईंनी पोळ्यांचे डबे दिले. डबे परत करायचे नाहीत, असंही बजावलं.

सोमवारी सकाळी केल्विननं दिवे मंद केले आणि पडद्यावर तक्ता लावला. मी वस्ती ए वाचली, वस्ती बी वाचली. सीनाबाई आणि वॉल्टर शेजारी शेजारी बसून आपापली घरं परक्या रंगांत बघत होते. भिंती नाहीत, लाल. रोजगार नाही, लाल. सीनाबाईंचे ओठ घट्ट मिटले होते. वॉल्टर हाताकडे बघत होते. काल माझ्या घरी बोटांवर नऊ मुलं मोजणारा माणूस आज तक्त्यात कुणीच नव्हता, आणि हे मी केलं होतं.

आणि तेवढ्यात मॅडम चोंग पेन्सिल उंचावून म्हणाल्या, "थांबा. ही वस्ती सी कुठली?"

मी पडद्याकडे पाहिलं. तिसरा रकाना पुसायचा राहिला होता.

वस्ती सी लाल होती, वरपासून खालपर्यंत. मॅडम चोंग एकेक ओळ वाचू लागल्या. "दोन खोल्यांत पाच माणसं." आम्ही दोघं, ईरा, सासूबाई आणि घर मिळेपर्यंत म्हणून आलेली आणि आठ महिने राहिलेली पुतणी. "मालकीची जमीन नाही." बाराव्या मजल्यावर जमीन कुठून असणार, फ्लॅटसुद्धा सरकारच्या भाडेपट्ट्यावर. "कर्ता पुरुष पोटासाठी रोज दुसऱ्या बेटावर जातो." हा प्रश्न मी सामोआसाठी घातला होता, आणि श्रीकांत रोज सकाळी कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडला जातो हे काही खोटं नव्हतं. "होडी किंवा वाहन नाही. मुलं मातृभाषेत उत्तर देत नाहीत. मिळकतीचा भाग गावाकडच्या नातेवाइकांना जातो. सणासमारंभांवर अनुत्पादक खर्च: अतिशय जास्त. अन्न साठवण्याची सोय: अपुरी." हे शेवटचं सासूबाईंचं उत्तर होतं. त्यांना दुसरा फ्रीजर हवा होता आणि मी देत नव्हते.

मॅडम चोंगचा आवाज मऊ झाला होता. "ए आणि बी यांच्यापेक्षा हे लोक कितीतरी वाईट परिस्थितीत आहेत. यांना का नाही बोलावलं? केल्विन, कुठे आहे ही जागा?"

केल्विनला काहीही माहीत नव्हतं. पण तो केल्विन होता. "व्हेरी रिमोट, मॅडम," तो गंभीरपणे म्हणाला. "व्हेरी हार्ड टू रीच."

"म्हणून आपण त्यांना सोडून द्यायचं? माझ्या मते कोल्ड रूम सीला जायला हवी."

मला वाटतं, गप्प बसले असते तर त्या दिवशी एक कोल्ड रूम माझ्या घरी आली असती. नोकरी गेली असं मनाशी म्हणून मी उभी राहिले. "मॅडम, वस्ती सी सेम्बावांगला आहे. इथून एमआरटीच्या ट्रेननं जाता येतं. ते माझं घर आहे."

वॉल्टरचे खांदे हलू लागले. आवाज नाही, नुसते खांदे. सीनाबाईंनी तोंडावर हात धरला, मग तो काढला आणि त्यांच्या हसण्यानं खिडकीची काच थरथरली.

"मॅडम," वॉल्टर डोळे पुसत म्हणाले, "मी काल त्या वस्तीत जेवलो. फ्रीजर पूर्ण भरलेला आहे आणि प्रत्येक डब्यावर दुसऱ्याचं नाव आहे. आमच्याकडे अशा घराला गरीब म्हणत नाहीत. त्यांना काही देऊ नका. मांस मात्र थोडं द्या."

मॅडम चोंग हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि मला विचारलं, "तुमच्या घराचं हे असं दिसतं. मग या दोघांच्या रकान्यांतलं किती खरं आहे?"

वीस वर्षांच्या नोकरीत इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी तिथे कधी गेलेली नाही."

"काही खरं आहे," वॉल्टर म्हणाले. ते आता हसत नव्हते. "पाणी उकळल्याशिवाय पिता येत नाही, ते लालच ठेवा. घरं कमी आहेत, माझ्याकडे पुतण्याचं कुटुंब बैठकीच्या खोलीत झोपतं, तेही लाल ठेवा. आम्हाला लहानपणी सरकारनं आईबापांपासून तोडून दूरच्या शाळांत नेलं, त्याला तुमच्याकडे चौकट नाही, ती घाला. पण मला बेरोजगार म्हणू नका. मी आयुष्यात एक दिवस रिकामा बसलेलो नाही."

"भिंतींचं काढून टाका," सीनाबाई म्हणाल्या. "वादळानं आमची केळी आणि अळू आडवं केलं, ते लाल. पोरं न्यूझीलंडला जातात आणि म्हातारे उरतात, ते लाल. फालावेलावेला आमची दमछाक होते हे खरं आहे, पिवळं करा. पण लाल नाही. त्याच्याशिवाय आम्ही कोण?"

आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. एकेक चौकट त्या दोघांना विचारून रंगवली. मॅडम चोंग स्वतः पेन्सिलीनं खुणा करत होत्या, केल्विन सगळ्यांसाठी कॉफी आणत होता. मी केलेला तो सगळ्यात गबाळा तक्ता, आणि माझा एकमेव तक्ता ज्याची मला लाज वाटत नाही.

आता इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण कोल्ड रूम एकच होती आणि संस्थेचा नियम म्हणजे नियम. नव्या तक्त्यात दोघं जवळजवळ बरोबरीत आले. शेवटी पोचवण्याच्या खर्चाची ओळ आडवी आली. सामोआला यंत्र जहाजानं जात होतं. क्री वस्तीला ते हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरच्या रस्त्यानंच नेता येणार, आणि त्याचे गुण कमी. ती ओळ माझी होती, तिचं वजन मी ठरवलेलं होतं. कोल्ड रूम सीनाबाईंच्या गावाला गेली. वॉल्टरना नकाराचं पत्र मी लिहिलं. 'आपल्या वस्तीच्या सहभागाबद्दल आभारी आहोत' असं त्यात होतं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. म्हातारे माझ्या सासूबाईंच्या पोळीची चौकशी करतात आणि हातमोजे कामाला येतात का, एवढंच. हातमोजे कामाला येत होते. श्रीकांत फ्रीजरमधले गोठलेले डबे काढताना ते घालायचा. वॉल्टरच्या म्हाताऱ्यांचा विचार मात्र माझ्या मनातून जाईना. निकाल योग्य होता असं मी स्वतःला सांगत असे आणि ते मला पटत नसे.

पाच-सहा महिन्यांनी सीनाबाईंचा फोन आला. चौकशी वगैरे झाली. कोल्ड रूम छान चालली होती.

"सुलभा," त्या म्हणाल्या, "फालावेलावे आहे."

मला वाटलं कुणीतरी गेलं. मी विचारलं, कुणाकडे?

"वॉल्टरकडे. त्याच्या म्हाताऱ्यांना फ्रीजर हवेत. मोठी खोली नाही जमणार, पण त्यांच्या जवळच्या शहरात वापरलेले, झाकणाचे मोठे फ्रीजर मिळतात. हिवाळ्याचा रस्ता सुरू झाला की तो ट्रकनं नेईल. माझ्या गावानं वाटा काढला आहे. न्यूझीलंडच्या पोरांनी काढला आहे. तुमचा राहिला आहे."

"आमचा?"

"आपण एका घरी जेवलो आहोत ना," त्या म्हणाल्या, हे मला समजावून सांगावं लागतंय याचं आश्चर्य वाटल्यासारख्या. "मग घरचंच कार्य नाही का?"

मी फोन ठेवून घरात सांगितलं. श्रीकांतनं काही न विचारता मान डोलावली. सासूबाईंनी उशीच्या अभ्र्यातून स्वतःची पुरचुंडी काढली आणि वर मला सुनावलं, "मला दुसरा फ्रीजर नाही म्हणालीस. त्यांना तरी दे." दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये मी जुनी फाइल उघडली. वस्ती सी अजून तिथेच होती. नातेवाइकांना पाठवलेली रक्कम या ओळीत मी नवा आकडा घातला आणि चौकट आधीपेक्षा गडद लाल झाली. मी ती तशीच ठेवली. निवृत्त होताना त्या फाइलची प्रत मी घरी घेऊन आले.

मार्चमध्ये वॉल्टरचा फोटो आला. बर्फाच्या ढिगासमोर तीन पांढरे फ्रीजर ओळीनं उभे, मागे टोपड्यातले चार-पाच म्हातारे दात काढून हसत असलेले. झाकणांवर लाल रंगानं मोठी अक्षरं रंगवली होती: ए, बी, सी. सीचं झाकण उघडं होतं आणि तो गळ्यापर्यंत मांसानं भरला होता. खाली वॉल्टरनी लिहिलं होतं, "मॅडम चोंगना सांगा, त्यांनी निवडलेल्या वस्तीला फ्रीजर मिळाला."

सासूबाईंनी चष्मा लावून फोटो बराच वेळ निरखला. त्या शुद्ध शाकाहारी. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"आपला तेवढा नीट भरलाय," त्या म्हणाल्या.